पूजेतले बारा पासपोर्ट

रविवार उजाडला की आमच्या उरायासुच्या घराच्या दारात बारा जोड बूट येऊन पडत. जपानी घरात शिरताना बूट काढायला एक एवढीशी चौकोनी जागा असते. आमच्या तिघांच्या चपलांनीच ती भरून जायची, तिथे हे बारा जोड, आणि प्रत्येकात कोंबलेले मोजे. आठवडाभर तेच बूट घालून कावासाकीच्या ऑफिसात चौदा-चौदा तास बसलेल्या पोरांचे पाय ते. तो वास दारातून चटईच्या खोलीत आणि तिथून खुंटीवरच्या माझ्या शाळेच्या गणवेशात शिरायचा. मी चौदा वर्षांची होते आणि मला त्या सगळ्यांची किळस यायची. त्यांच्या भुरके मारून कढी पिण्याची, एकाच बाथरूममध्ये रांगेने जाण्याची, ‘काकू, काय वास सुटलाय’ म्हणत स्वयंपाकघरात डोकावण्याची. आज त्यातल्या कुणाचा चेहरा आठवायला गेले तर आधी मोजे आठवतात, आणि मग माझीच मला लाज वाटते.

ही बारा माणसं बाबांची. बाबा पुण्यातल्या एका कंपनीचे इथले मॅनेजर होते. कंपनी स्वतः काही बनवत नसे, माणसं पुरवायची. जपानी कंपनीला प्रोग्रॅमर हवे असले की बाबा पुण्याला फोन लावत आणि हॉलमध्ये येरझारा घालत मोठ्याने सांगत, “अजून चार हेड्स पाठवा. जावावाले. लग्न न झालेले बघा, कटकट नको.” हेड्स हा शब्द मी इतक्यांदा ऐकला होता की त्याचं मला काही वाटत नसे. बाबांचा दुसरा आवडता शब्द म्हणजे गोल्ड रश. कुठल्याशा मासिकात त्यांनी तो वाचला होता. पाहुणे आले की हमखास निघायचा. “हा गोल्ड रश आहे बघा. आज जो इथे पोचला तो पोचला. दहा वर्षांनी इथे काळं कुत्रंही विचारणार नाही.” आई तेव्हा पुऱ्या लाटत असायची. ती कधी मान वर करून बघायची नाही. दोन कुकर भात, पातेलंभर आमटी आणि सोमवारसाठी प्रत्येकाला एकेक डबा, असा तिचा रविवार जायचा. फोडणीचा वास जिन्यात जातो म्हणून खालच्या बाईंनी दोनदा तक्रार केली होती, म्हणून ती खिडक्या लावून, घामाने निथळत फोडणी करायची.

त्या बारा जणांचे पासपोर्ट बाबांच्या कपाटात असत. पोरं जपानात उतरली की विमानतळावरून घरी येतानाच बाबा ते मागून घेत. “ट्रेनमध्ये हरवता तुम्ही लोक. माझ्याकडे सेफ.” परदेशी माणसाचं कार्ड प्रत्येकाच्या खिशात असायचं, पोलिसाने अडवलं तर ते दाखवलं की भागायचं, त्यामुळे पासपोर्टची रोज आठवण कुणाला होत नसावी. रबर लावलेला तो गठ्ठा कपाटाच्या लॉकरमध्ये, आईच्या पाटल्यांच्या डबीशेजारी राहायचा. वर्षातून एकदाच तो बाहेर यायचा, दसऱ्याला.

दसऱ्याला आपल्याकडे ज्याच्या-त्याच्या पोटापाण्याच्या हत्याराची पूजा होते. सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, गाडीवाल्याची गाडी. आमच्या घरी पाटावर लाल कापड अंथरून आई एका बाजूला माझी पाठ्यपुस्तकं आणि एका वहीवर एकाच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती ठेवायची. दुसऱ्या बाजूला बाबांचा लॅपटॉप, मोबाइल आणि तो गठ्ठा. तो तिथे पहिल्यांदा कुणी ठेवला कोण जाणे. बाबांनी स्वतः ठेवला असणार, आणि ठेवताना त्यांना काही वावगं वाटलं नसणार. रबर काढून पासपोर्ट पंख्यासारखे मांडायचे आणि एकेकावर हळदकुंकू लावायचं, हे काम माझं. निळ्या कव्हरावर तीन सिंह आणि त्यांच्या डोक्यावर माझ्या बोटाचा ठिपका. माझी रांग सरळ येते म्हणून आई कौतुक करायची.

मी सांगतेय त्या दसऱ्याला दाराला तोरण होतं शेवंतीचं. झेंडू मिळाला नाही म्हणून आईने सुपरमार्केटातून शेवंतीच्या जुड्या आणून ओवल्या होत्या. ती फुलं तिथे मेलेल्या माणसांना वाहतात हे आम्हाला माहीत नव्हतं. शेजारच्या बाईंनी हलक्या आवाजात मला विचारलं की घरात कुणाचं काही झालं का. मी आत येऊन सांगितलं तर बाबा खो खो हसले. श्रीखंडाचा चक्का रात्रभर बाथरूमच्या नळाला टांगलेला होता, त्यामुळे आंघोळीला गेलं की आंबूस वास. दही इथलं पातळ, त्याचं पाणी काही केल्या थांबत नव्हतं. त्या आंबूस वासात बारा पोरं सकाळी साडेसातलाच येऊन बसली, कारण बाबांनी त्या वर्षी सीमोल्लंघनाचा बेत आखला होता. बस ठरवली होती. डोंगरातल्या एका जुन्या सोन्याच्या खाणीच्या गावी जायचं आणि खरंखुरं सोनं लुटायचं.

पोरांनी एकेक करून पूजेला नमस्कार केला. नवी कोरी पोरं होती, घरच्या वळणाची. गुडघे टेकून, डोकं चटईला लावून नमस्कार करत होती. आणि पाटावर, त्यांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर, त्यांचेच पासपोर्ट. त्या दिवशी मी दारात उभी राहून फक्त बसला उशीर होतोय म्हणून घड्याळ बघत होते.

सगळ्यात शेवटी किशोर घाडगे उठला. कऱ्हाडकडचा, उंच, जरा वाकून चालणारा. बोलायला कमी. कावासाकीच्या ऑफिसात त्याला घाडगे-सान, म्हणजे घाडगेसाहेब, म्हणत आणि ते आपल्यालाच म्हणतायत हे त्याच्या ध्यानात येत नसे, दोनदा हाक मारावी लागे म्हणून बाकीचे हसत. महिन्याभरापूर्वी त्याने बाबांना सांगितलं होतं की त्याला घरी परत जायचंय. बाबांनी विचारलं, कारण काय? कुणी आजारी आहे? लग्न ठरलंय? दुसरीकडे नोकरी लागली? तो म्हणाला, “नाही सर, कारण काही नाही. जायचंय.” हे ‘कारण नाही’ आमच्या घरात विनोद होऊन बसलं होतं. मी पानात भाजी टाकली की बाबा म्हणत, “काय, कारण नाही?” आणि मी हसायची.

नमस्कार करून किशोरदादा सरळ आत, मी पाण्याच्या बाटल्या भरत होते तिथे आला. “ऋचा, एक काम करशील?” त्याने माझ्या बाहीला हात लावला. तो हात ओला होता आणि त्याला खोबरेल तेलाचा आणि कावासाकीला ते सहा-सहा जण राहत त्या खोलीचा कोंदट वास येत होता. “त्यातला माझा एवढा काढून देशील? मी पूजेला हात नाही लावू शकत. तुमच्या घरची पूजा आहे, मोडल्यासारखं होईल. तू घरची आहेस, तुला चालतं.”

मी बाही सोडवून घेतली. “बाबांना विचारा.”

“विचारलं ना.”

“मग मी कशी देणार?” मी म्हणाले आणि बाटलीचं झाकण लावलं. तो “बरं, बरं” म्हणत मागे सरकला, वर आणखी “सॉरी हं” म्हणाला. चोवीस-पंचवीस वर्षांचा माणूस, स्वतःच्या वस्तूसाठी चौदा वर्षांच्या मुलीला सॉरी म्हणाला.

बसमध्ये मी बाबांच्या शेजारी बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. का सांगितलं याची मी पुढे पुष्कळ कारणं शोधली. लहान होते, घाबरले होते, वगैरे. एकही खरं नाही. मला बाबांची हुशार मुलगी व्हायला आवडायचं, आणि बाहीला लागलेला तो ओला हात मला कुणाच्या तरी अंगावर झटकायचा होता. बाबांनी मला जवळ घेतलं, शाबास म्हणाले आणि खिडकीची जागा दिली. मग आईकडे वळून म्हणाले, “परत गेल्यावर तो गठ्ठा आधी आत टाकला पाहिजे.” आई म्हणाली, “उद्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत काही हलवायचं नाही.” अशा बाबतीत आईचा शब्द बाबा मोडत नसत.

गाव म्हणजे एक रस्ता. दोन्ही बाजूंना बंद दुकानं, एका दुकानात सोन्याचा वर्ख लावलेलं आइस्क्रीम, आणि टोकाला खाण. तिथे एक म्हातारे आजोबा माहिती सांगायला होते. त्यांचे आजोबा याच खाणीत होते. ते जपानीत सांगत आणि मी शाळेतल्या जपानीच्या जोरावर मराठीत करून देत होते. एके काळी इथे माणूस मावत नसे, ते म्हणाले. कुठून कुठून लोक आले, भाताची दुकानं आली, नाचणाऱ्या बायका आल्या, पाच-पाच देवळं उभी राहिली. एकेका खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. एकाचं अंथरूण गार व्हायच्या आत दुसरा येऊन पडायचा. हे ऐकून पोरांत हशा पिकला. पुण्याचा सौरभ, सगळ्यांत वाचाळ, म्हणाला, “म्हणजे आपलं कावासाकीच की!” आजोबांना वाटलं त्यांच्या बोलण्याला दाद मिळाली. ते खुशीत पुढे सांगू लागले. खाण खोल गेली तसं पाणी भरायला लागलं. सोनं खणणाऱ्यांपेक्षा पाणी उपसणारे जास्त लागायचे, आणि त्या कामाला कुणी राजी होईना. मग मोठ्या शहरांतून ज्यांचं नाव कुठल्याच वहीत नाही अशी, कागद नसलेली माणसं धरून आणायचे. त्यांनी गुन्हा केलेला असायचाच असं नाही. एकदा आत गेले की रात्रंदिवस पाणी उपसायचं. दोन-तीन वर्षांच्या पुढे फारसं कुणी टिकत नसे.

मी हे भाषांतर करत असताना बाबा म्हणाले, “ते राहू दे गं. सोनं किती निघालं ते विचार.” मी विचारलं. आजोबा नम्रपणे वाकून म्हणाले की त्याचा हिशेब आतल्या पाटीवर लिहिलाय.

बोगद्यात थंडी होती आणि भिंतींना शेवाळाची ओल. जागोजागी माणसांच्या आकाराचे पुतळे बसवले होते, विजेवर हलणारे. एक छिन्नी मारतोय, एक टोपली वाहतोय. अगदी आत, वाकड्या गल्लीत, एक पाणी उपसणारा होता. अंगावर चिंधी, डोळ्याचा रंग उडालेला, एका बाजूची हनुवटी उंदराने कुरतडावी तशी झालेली. बघवत नव्हता. हात खालीवर करत तो थोड्या थोड्या वेळाने मान वळवायचा आणि घोगऱ्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात एकच वाक्य म्हणायचा. किशोरदादाने मला विचारलं, “काय म्हणतोय तो?” सकाळनंतर तो पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होता.

“बाहेर ऊन पडलंय का, असं विचारतोय.”

“सांग त्याला, वीकेंडला पण सपोर्ट ड्यूटी आहे,” सौरभ ओरडला.

“प्रोजेक्ट गो-लाइव्ह झाल्यावर दाखवू ऊन,” बाबा म्हणाले. सगळा बोगदा हसण्याने भरला आणि ती मंडळी पुढे गेली. मीही गेले. बाहेर आल्यावर एक जण कमी होता म्हणून बाबांनी मला मागे पाठवलं. किशोरदादा तिथेच, कठड्याला धरून उभा होता. पुतळ्याने मान वळवली, विचारलं. किशोरदादा हळूच म्हणाला, “हो, पडलंय.” पुतळ्याने पुन्हा पाणी उपसलं, पुन्हा विचारलं. “पडलंय रे,” किशोरदादा म्हणाला. वेड लागल्यासारखा नाही, घरातल्या आजारी माणसाशी बोलावं तसा. मी दुरूनच हाक मारली. तो माझ्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा बघून मला पहिल्यांदा वाटलं की मी सकाळी काहीतरी फार घाणेरडं केलंय.

बाहेर एका लांबलचक छपराखाली कोमट पाण्याची कुंडं होती. त्यात हात घालून, ताटलीत वाळू घोळवून, सोन्याचे कण काढायचे. बाबांना ते लगेच जमलं. बाह्या दुमडून ते पोरांना शिकवत होते आणि आपली इवलीशी कुपी उन्हात धरून दाखवत होते. मग सौरभ पळत आला. “सर, आपटा! आपट्याचं झाड!”

खाणीच्या मागे, उतारावर, एक जुनं गिंकोचं झाड होतं. त्याचं पान मधोमध चिरलेलं असतं, दोन पाळ्यांचं, आणि त्या थंडीत ते नुकतं पिवळं पडायला लागलं होतं. आपट्यापेक्षा तेच जास्त सोनं दिसत होतं. आमची माणसं तुटून पडली. उड्या मारून खालच्या फांद्या वाकवल्या, मोडल्या, कुणी कुणाच्या खांद्यावर चढला. खाली पिकून पडलेल्या फळांचा खच होता. ती पायाखाली चिरडायला लागली तसा असा वास उठला की सांगता सोय नाही. ओकारीचा आणि संडासाचा एकत्र. पोरं नाकाला रुमाल लावून, हसत, शिव्या घालत सोनं लुटत होती. मीसुद्धा ओंजळभर पानं तोडली. झाडाच्या बुंध्याशी गुडघाभर उंचीचे, न घडवलेले पंधरा-वीस दगड रांगेने उभे होते. त्यांवर अक्षर नव्हतं. आजोबा धावत आले, झाडाकडे आणि आमच्याकडे बघत राहिले, आणि मग मलाच म्हणाले की माफ करा, मी आधी सांगायला हवं होतं. ते पाणी उपसणाऱ्यांच्या थडग्यांचे दगड होते. नाव माहीत नाही म्हणून लिहिलेलं नाही. मी हे कुणालाच मराठीत सांगितलं नाही. आजोबा वाकून मोडलेल्या फांद्या गोळा करायला लागले.

बाबा झाडाखाली उभे राहिले आणि सगळे रांगेने त्यांच्या पाया पडायला लागले. “सर, सोनं घ्या.” “सोन्यासारखा राहा.” बुटांना तो फळांचा लगदा माखलेला, आणि पोरं त्या बुटांना हात लावून नमस्कार करत होती. किशोरदादाची पाळी आली. तो खाली वाकला, उठला, पान पुढे केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “सर, सोनं घ्या. माझा पासपोर्ट द्या.”

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबलं. बाबांनी पान घेतलं. ते चिडले नाहीत, तेच मला जास्त आठवतं. हसून म्हणाले, “सणासुदीला काय रे? कारण सांग, देतो.”

“कारण नाही सर. माझा आहे.”

“मार्चला प्रोजेक्ट संपू दे, मग बघू.” पान खिशात घालून बाबांनी पुढच्याकडे हात केला. पुढचा सौरभ होता. तो जराही न थांबता वाकला.

परत येताना बसमध्ये तो वास होता, सगळ्यांच्या बुटांचा. ड्रायव्हरने थंडीत खिडक्या उघड्या ठेवल्या. दिवेलागणीला पोरं डबे न्यायला घरी वर आली. बाबा आल्या आल्या आंघोळीच्या टबात जाऊन बसले. पाटावर समई तेवत होती आणि बारा पासपोर्ट मी मांडले तसेच पंख्यासारखे पडले होते. कुलूप नाही, बाबा नाहीत. आई डबे भरत होती. किशोरदादा पाटापासून दोन हातांवर मांडी घालून बसला होता. तो स्वतः हात लावणार नाही हे मला माहीत होतं. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. खूणसुद्धा केली नाही. मला फक्त खाली वाकायचं होतं. त्याचा डावीकडून चौथा होता. सकाळी कुंकू लावताना मी नाव वाचलं होतं.

माझ्या हातांना वास येतोय असं मला वाटलं, म्हणून मी हात धुवायला गेले. साबण लावून लावून धूत राहिले. बाहेर आले तेव्हा दारातले बूट गेले होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या तळहातांवर फोड उठले. त्या फळांच्या रसाने उठतात म्हणे. निम्म्या पोरांनाही उठले होते. आई लोणी लावत होती आणि बाबा उत्तरपूजा करून गठ्ठ्याला रबर लावत होते.

तीन रविवारांनंतर दारात अकराच जोड बूट आले. सौरभने सांगितलं की किशोर वकिलातीत गेला, पासपोर्ट हरवला म्हणून लिहून दिलं, तिथून प्रवासाचा कागद घेतला आणि गेला. बाबांचं नाव त्याने कुठे घेतलं नव्हतं. बाबा संतापले. दिवसभर घरात तोच विषय. “हरवला म्हणे! धडधडीत खोटं! इथे कपाटात आहे आणि हा सांगतो हरवला. अशा माणसांनीच देशाचं नाव खराब होतं.” त्यांना खरंच राग आला होता, ते सोंग नव्हतं. कितीतरी वर्षांनी मी आईला एकदा विचारलं, तुला तेव्हा काहीच वाटलं नाही? ती म्हणाली, “मला वाटायचं, हे सांभाळून ठेवतात. पोरं हरवतात ना.”

बाबा म्हणाले होते तसंच झालं. दहा वर्षं लागली नाहीत, कंपनीचं जपानातलं ऑफिस बंद झालं, पोरं पांगली. आमच्या त्या इमारतीत आता दुसरी मराठी घरं आहेत म्हणतात. माझी मुलगी तेव्हाच्या माझ्या वयाची आहे आणि दसऱ्याला आमच्याकडे फक्त पुस्तकं आणि तिची सायकल असते. ती विचारते, आई, तू कुंकू लावायला मलाच का सांगतेस? मी सांगते, तुझी रांग सरळ येते.

खरं कारण हे, की पुढच्या वर्षीही दसरा आला. बाबांनी लॉकरमधून गठ्ठा काढून दिला. नवीन पोरं आली होती, तरी किशोरदादाचा तो जुना गठ्ठ्यातच राहिला होता, आता कुठल्याच विमानतळावर न चालणारा. आईने तो ओळखला. “त्याला नको लावू,” ती म्हणाली. बाबा म्हणाले, “असू दे, लाव.” कुणी जोर केला नव्हता. मी तो उघडून फोटो पाहिला, मिटला, ओळीत सरळ ठेवला, आणि इतरांना लावलं तसंच त्यालाही हळदकुंकू लावलं. मग बाबांच्या शेजारी गुडघे टेकून, डोकं चटईला लावून नमस्कार केला.